आरसीवरची चूक दुरुस्त करताना: आधी चूक कुठे झाली ते शोधा

गाडीच्या आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, नावातलं एक अक्षर चुकलेलं, इंजिन नंबरमधला एक आकडा गळालेला, पेट्रोलच्या गाडीपुढे डिझेल लिहिलेलं. अशा चुका रोज गाडी चालवताना जाणवत नाहीत. त्या समोर येतात विम्याचा दावा करताना, गाडी विकताना किंवा पीयूसी काढताना. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरची पाटी, बसवायची तर बुकिंगच्या वेळी टाकलेले चेसिस आणि इंजिन नंबर ‘वाहन’ या सरकारच्या संगणकीय नोंदणी प्रणालीतल्या नोंदीशी जुळावे लागतात. जुन्या नोंदीतली चूक तिथेही आडवी येते.

अर्ज लिहायच्या आधी चार गोष्टी एकत्र घेऊन बसा: हातातली आरसी (कार्ड किंवा जुनं पुस्तक), ‘वाहन’मधली नोंद, खरेदीची कागदपत्रं (डीलरचं बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे कंपनीचं रस्तायोग्यता प्रमाणपत्र) आणि खुद्द गाडी. एम-परिवहन ॲपवर नुसता गाडीचा नंबर टाकून पाहिलं तर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, त्यामुळे स्पेलिंगची चूक तिथे कळत नाही. पूर्ण नोंदीसाठी डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा. तिथे नाव आधारशी जुळत नाही म्हणून ती उघडलीच नाही, तर आरटीओतून वाहनाच्या तपशिलाचा उतारा मागा. परिवहन पोर्टलवर ही सेवा ‘आरसी पर्टिक्युलर्स’ या नावाने आहे.

आता जुळवाजुळव. नोंद बरोबर आणि फक्त कार्डावर चूक असेल तर कार्ड नव्याने छापून घेण्यापुरतंच काम आहे. जुन्या पुस्तकात बरोबर आणि ‘वाहन’मध्ये चूक असेल, तर हाताने लिहिलेली नोंद संगणकात चढवताना, म्हणजे बॅकलॉग एंट्रीत, ती झालेली आहे. इथे जुनं पुस्तक हाच सगळ्यात भक्कम पुरावा. नवं कार्ड मिळालं म्हणून ते फेकू नका. कार्ड आणि नोंद दोन्ही चुकीचे पण फॉर्म २१ बरोबर असेल, तर डीलरकडे टाइप करताना चूक झाली. आणि फॉर्म २१ मध्येच चूक असेल तर आरटीओत जाण्याआधी डीलरकडून दुरुस्त फॉर्म आणि त्याच्या लेटरहेडवर खुलाशाचं पत्र घ्या. त्याशिवाय अर्ज पुढच्या टेबलावर जात नाही.

नव्या गाड्यांमध्ये चेसिस आणि इंजिनचा तपशील कंपनीकडूनच प्रणालीत येतो, म्हणून तिथे चूक क्वचित सापडते. डीलरकडे टाइप होतात ते नाव, पत्ता, मोबाइल, नामनिर्देशित व्यक्ती आणि कर्ज देणारी बँक. नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २० वर सही करताना नेमक्या याच पाच गोष्टी वाचा. नोंदणी मंजूर होईपर्यंत दुरुस्ती सोपी असते. मंजुरीनंतर डीलरच्या हातात काही उरत नाही.

चेसिस नंबर वाचताना

हल्लीचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. म्हणून नोंदीत ‘ओ’ दिसला तर तिथे शून्य हवं आणि ‘आय’ दिसला तर एक, हे गाडी न पाहताही सांगता येतं. बाकी घोळ ठरलेले आहेत: ५ आणि एस, ८ आणि बी, २ आणि झेड, ६ आणि जी. इंजिन नंबरला मात्र हा नियम लागू नाही, तो प्रत्यक्ष पाहूनच ठरवा. फार जुन्या गाड्यांचे चेसिस नंबर १७ पेक्षा कमी अक्षरांचे असू शकतात, म्हणजे कमी अक्षरं दिसली की चूकच, असं नव्हे.

दुचाकीवर हा नंबर बहुधा हँडलखालच्या स्टेअरिंग हेडवर कोरलेला असतो. कारमध्ये इंजिनामागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली शोधा. चिखल आणि ग्रीस घासलेट व मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, घासलेला नंबर तपासणीत छेडछाड केल्यासारखा दिसतो आणि साध्या दुरुस्तीची चौकशी होऊन बसते. नंतर त्यावर पातळ पांढरा कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. उमटलेल्या ठशाच्या दोन प्रती काढा आणि उजेडात एक फोटोही घ्या. गंजाने नंबर खाल्ला असेल तर तो स्वतः किंवा गॅरेजमधून नव्याने कोरून घेऊ नका. त्यासाठी आरटीओची परवानगी लागते आणि ते प्रकरण वेगळं आहे.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

सगळ्यात महागात पडणारी गफलत इथे होते. नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून कुणी मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरायला सांगितले, तर थांबा. ते मंजूर झालं की नोंदीत तुम्ही दुसरे मालक दिसता आणि गाडीची पुनर्विक्रीची किंमत विनाकारण उतरते. तसंच पत्ता मुळात चुकीचा टाइप झाला असेल तर ती दुरुस्ती. तुम्ही घर बदललं असेल तर तो बदल, त्याला फॉर्म ३३ आणि ३० दिवसांची मुदत. लग्नानंतर किंवा राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदललं असेल तर तोही बदल. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘नोंदीतील चूक दुरुस्त करणेबाबत’ असा विषय स्पष्ट लिहा.

अर्ज गाडीची नोंद सध्या ज्या कार्यालयात आहे तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नावे करायचा. मजकूर लांबवू नका. गाडीचा नंबर, नोंदणीची तारीख, नोंदीत काय आहे, काय हवं आणि त्याला पुरावा कोणता, एवढं पुरे. उदाहरणार्थ: ‘नोंदीत इंधन: डिझेल. हवे: पेट्रोल. पुरावा: फॉर्म २१ आणि डीलरचे बिल.’ सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र यांच्या प्रती आणि नावाची चूक असल्यास प्रतिज्ञापत्र जोडा. आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मूळ आरसी जमा करावी लागली तर पोच घेतल्याशिवाय सोडू नका.

चेसिस किंवा इंजिन नंबरची दुरुस्ती असेल तर मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात, तेव्हा गाडी घेऊनच जा. गाडी एनओसीवर (ना हरकत प्रमाणपत्रावर) साताऱ्याहून पुण्याला आलेली असेल आणि चूक साताऱ्यातली असेल, तर पुणे कार्यालय आधी तिथली मूळ नोंद पडताळायला सांगू शकतं. साताऱ्याच्या नोंदवहीचा, म्हणजे फॉर्म २४ चा, प्रमाणित उतारा आधीच आणलात तर महिन्याभराचा पत्रव्यवहार वाचतो.

त्याच गाडीवर दुसरा अर्ज प्रलंबित असेल, कर थकलेला असेल किंवा गाडी काळ्या यादीत असेल, तर दुरुस्ती अडकते. हे आधी निस्तरा.

काही नोंदींकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. इंजिनाची घनक्षमता चुकली तर थर्ड पार्टी विम्याचा हप्ताच चुकतो, कारण कारसाठी १००० आणि १५०० सीसी, दुचाकीसाठी ७५, १५० आणि ३५० सीसी अशा पायऱ्या आहेत. सीएनजी किट बसवून नोंद केली नसेल तर ती चूक नाही, ते न नोंदवलेलं फेरफार आहे. त्याला वेगळी मंजुरी लागते. नोंदणीच्या तारखेत दिवस आणि महिना उलटले (०५/११ ऐवजी ११/०५) की नोंदणीच्या वैधतेची १५ वर्षांची मुदतही सरकते.

कर्ज फिटूनही बँकेचं नाव राहिलं असेल तर फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि बँकेची एनओसी लागते. एनओसीवरची मुदत पाहा. बँक विलीन झालेली असेल, जसं १ एप्रिल २०१९ ला देना बँक बडोदा बँकेत गेली, तर आरसीवर जुनं आणि एनओसीवर नवं नाव येतं. अशा वेळी विलीनीकरणाचा उल्लेख असलेलं पत्र शाखेतून सोबत घ्या.

मोबाइल नंबर मात्र पोर्टलवर स्वतः बदलता येतो. गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर, नोंदणीची तारीख आणि वैधता टाकावी लागते. बऱ्याच गाड्यांवर एजंटाचा नंबर असतो, म्हणजे तुमचे ओटीपी आणि चलनाचे संदेश त्याच्याकडे जातात. हा नंबर सगळ्यात आधी बदला, नाहीतर पुढचा कुठलाच ऑनलाइन अर्ज तुम्हाला स्वतःला करता येणार नाही.

महिनाभर काहीच हललं नाही तर आवक क्रमांक देऊन माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘दुरुस्ती का झाली नाही’ असं विचारू नका. त्या आवक क्रमांकावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, त्याची प्रत मागा.

दुरुस्ती झाल्याचं सांगितल्यावर एम-परिवहनवर नोंद पाहा, डिजिलॉकरमधली जुनी आरसी काढून नव्याने आणा आणि नावाची दुरुस्ती तिथेच तपासा. मग विमा कंपनीकडून पॉलिसीत तीच दुरुस्ती लेखी करून घ्या. पुढे फास्टॅग, आणि शेवटी एचएसआरपीचं बुकिंग.