जुन्या खेळाडूंचा सामना तिकीट लावून भरवायचा असेल तर

निवृत्त खेळाडूंना पुन्हा खेळताना बघायला लोक पैसे मोजतात का? मोजतात, पण सुट्या नावांसाठी नाही, जुन्या ईर्ष्येसाठी. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये संघ तालमींचे असतात; तिथे पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार विरुद्ध बालगोपाल अशी जोडी असेल आणि अंगावर त्या त्या तालमीचीच जर्सी असेल, तर शाहू स्टेडियमवर पन्नास रुपये काढताना फार कोणी खळखळ करत नाही. ‘ज्येष्ठ लाल’ विरुद्ध ‘ज्येष्ठ निळे’ असे मिश्र संघ उतरवलेत तर फुकट पासवालेसुद्धा मध्यंतराला चहाला जातात ते परतत नाहीत. म्हणून तारखेच्या आधी दोन्ही तालमींची लेखी संमती घ्या.

मग मागणी तपासा. मैदानाचे भाडे भरण्यापूर्वी पाचशे तिकिटे छापून दोन्ही पेठांत आठ दिवस विकायला ठेवा. निम्मी गेली नाहीत तर बेत गुंडाळा; पोस्टर वाढवून फरक पडत नाही. हिशेब सोपा ठेवा. समजा मैदान, पंच, जर्सी, छपाई, रुग्णवाहिका, मांडव आणि मानधन मिळून ८०,००० खर्च आहे. ५० रुपयांच्या तिकिटाने १,६०० माणसे आली की बरोबरी. ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेश तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे ती कटकट नाही. खरा गल्ला खातात ते पास. नगरसेवक, देणगीदार, खेळाडूंचे पाहुणे असे करत करत अर्धी गॅलरी फुकट भरते. पास तिकिटांच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका आणि ते एकाच माणसाच्या सहीने द्या.

तिकिटाला क्रमांक आणि फाडायचा अर्धा भाग हवाच, नाहीतर झेरॉक्स मारलेली तिकिटे येतात. क्यूआर कोड दाराच्या तोंडाशी लावू नका. गर्दी झाली की मोबाइलचे नेटवर्क झोपते आणि रांग रस्त्यावर जाते. विक्रीची खिडकी दारापासून वीस-तीस पावले लांब ठेवा आणि दहा-पन्नासच्या सुट्ट्या नोटा आदल्या दिवशीच आणा. पोलिसांची परवानगी किमान पंधरा दिवस आधी मागा. दोन्ही समर्थकांना वेगवेगळ्या बाजूंनी आत सोडा आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर. खेळणारे पन्नाशीचे असले तरी बघणारे विशीचे असतात, हुल्लडबाजी त्यांच्याकडून होते.

आता खेळ. सगळ्यात मोठी चूक इथे होते: पूर्ण मैदान, अकरा-अकरा, नव्वद मिनिटे. विसाव्या मिनिटाला सगळे कमरेवर हात ठेवून उभे, आणि प्रेक्षकांना ही नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली लढत, वाटायला लागते. ते एकदा वाटले की पुढच्या वर्षी खिडकीवर कुत्रे येत नाही. २०२० मध्ये माइक टायसन आणि रॉय जोन्स ज्युनिअर पुन्हा रिंगणात उतरले, तेव्हा आठ फेऱ्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक फेरी नेहमीच्या तीनऐवजी दोन मिनिटांची. तोच हिशेब इथे लावा.

नऊ-नऊ खेळाडू, प्रत्येकी सोळांचा ताफा, बारा मिनिटांचे चार भाग, मध्ये चार-चार मिनिटे पाणी. बदली कितीही वेळा, पण मध्यरेषेजवळच्या एकाच जागेतून, नाहीतर दहावा गडी कधी आत आला ते पंचालाही कळत नाही. घसरून टॅकल बंद. ऑफसाइड मात्र ठेवा. काढलीत तर जुना स्ट्रायकर गोलच्या तोंडाशीच मुक्काम ठोकतो.

मैदान साधारण ७५ बाय ५० मीटर आखा. आखणी फक्कीने करा, कळीच्या चुन्याने नको. घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो. या लहान मैदानासाठी हलते गोलपोस्ट आणले तर मागच्या दांडीवर वाळूची पोती टाका. नुसते उभे केलेले पोस्ट कोणी लोंबकळला की पुढे उलटते.

महिनाभर आधी प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, ईसीजी आणि डॉक्टरचा दाखला घ्या. डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही. दाखला नाही त्याला मानाचा फेटा बांधून खुर्चीवर बसवा, मैदानात नाही. हृदयरोगाची सोय असलेली रुग्णवाहिका शेवटच्या शिट्टीनंतर अर्धा तास हलता कामा नये. पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू पहिल्याच जोरदार धावेत फाटतो, कारण डोक्याला पंचविशीचा वेग आठवतो आणि स्नायूंची लवचिकता गेलेली असते. वीस मिनिटे अंग गरम केल्याशिवाय चेंडू देऊ नका. बूट आठवडाभर आधी तपासा. ट्रंकेत वर्षानुवर्षे पडलेल्या बुटाचा डिंक वाळतो आणि पहिल्याच वळणावर तळ सुटतो. उन्हाळ्यात मैदान कडक असते, तेव्हा लोखंडी स्टड नकोत.

पैलवानांच्या बाबतीत हिशेब वेगळा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात जुन्या मल्लांची निकाली कुस्ती लावू नका. मान आणि गुडघे झोळीच्या एका डावात जातात. त्याऐवजी वस्तादांनी ढाक, कलाजंग, घिस्सा हे डाव तरुण जोडीदारावर संथपणे दाखवावेत, माइकवर कोणीतरी समजावून सांगावे, आणि तिकीट त्या दिवशीच्या तरुणांच्या जोडांवर लावावे. ‘दाखवणार’ असे पोस्टरवरच छापा, ‘लढणार’ नको.

मानधन सामन्याआधी, पाकिटात, सही घेऊन. २०२५ च्या नोव्हेंबरात श्रीनगरला निवृत्त क्रिकेटपटूंची एक लीग आयोजक मध्येच निघून गेल्याने बंद पडली आणि खेळाडू हॉटेलात अडकले. गल्ला मोजून मग देऊ, हे बोलणे पहिल्याच बैठकीत बंद करा. दोन्ही तालमींना हिशेबाची प्रत आठ दिवसांत द्या. तीच जोडी वर्षाच्या आत पुन्हा लावू नका; लोक मागणी करतील तरीही.