जुनी सेमी-हॉलो गिटार घेताना आणि उघडताना या चुका टाळा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सेमी-हॉलो गिटारांचे खरे नुकसान साठ वर्षांच्या वाजवण्याने झालेले क्वचितच दिसते. बहुतेक वेळा ते एखाद्या मालकाने एका दुपारच्या घाईत करून ठेवलेले असते, आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे होते याचे वाईट वाटते. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता त्या लिहून काढणेच बरे.

यातल्या निम्म्या चुका गिटारची बांधणी न समजल्यामुळे होतात. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही सेमी-हॉलो गिटार आणली तेव्हा तिच्या पातळ, पोकळ बॉडीच्या मधोमध, नेकपासून खालच्या टोकापर्यंत, मेपलचा एक ठोकळा बसवला. दोन्ही बाजूंचे पंख पोकळ राहिले, पण पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), तारांना टेकू देणारा ब्रिज आणि तारांची खालची टोके धरणारे टेलपीस या ठोकळ्यावर आले. वरची आणि मागची फळी अखंड लाकडाची नसून थर चिकटवून केलेली असते. त्यामुळे एफ-होलच्या, म्हणजे वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकाच्या, कडेला थर दिसले म्हणून गिटार नकली ठरत नाही. मात्र एफ-होल दिसले की गिटार सेमी-हॉलो, असे धरून चालणे चुकीचे आहे. ईएस-३३० आणि एपिफोनची कसिनो बाहेरून जवळपास तशाच दिसतात, पण त्या पूर्ण पोकळ आहेत आणि त्यांच्यात हा ठोकळा नाही. ठोकळा नसलेल्या अशाच एका गिटारच्या वरच्या फळीत कोणीतरी स्टॉप टेलपीसचे (फळीत रोवलेल्या दोन खिळ्यांवर बसणाऱ्या टेलपीसचे) स्टड ठोकलेले मी पाहिले आहेत. तारांच्या ओढीने ती फळी स्टडभोवती उचलली गेली होती. छोटी बॅटरी एफ-होलपाशी धरून आत मध्याच्या दिशेने पाहिले, की लाकडाची भिंत आहे की नाही हे दहा सेकंदांत कळते. तेवढे पाहिल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये.

सर्वांत जास्त हानी मी वायरिंगमध्ये पाहिली आहे. ३३५ च्या पाठीला झाकण नसते. चार पॉट (नॉबखालची, आवाज आणि टोन कमी-जास्त करणारी नियंत्रणे), स्विच, जॅक आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी अशी सगळी माळ पातळ तारांच्या बाजूच्या एफ-होलमधून आत सोडून, आतून एकेका भोकात बसवलेली असते. काही वर्षांपूर्वी एका हौशी वादकाने १९६४ ची एक गिटार आणली. तिची मूळ तक्रार एवढीच होती की व्हॉल्यूमचा एक नॉब फिरवताना खरखर यायची. त्याने तो नॉब स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला. त्यामुळे नॉबला तडा गेला आणि खालच्या लॅकरवर, म्हणजे चकचकीत लेपावर, चंद्रकोरीसारखी खोच पडली. मग नीट साफ करायचे म्हणून त्याने चारही पॉटचे नट काढले आणि सगळी माळ पोटात पडली. दोन संध्याकाळी तारेचा आकडा घालून ओढाओढ करताना एफ-होलच्या कडेची एक चीप निघाली आणि एका कपॅसिटरचा पाय तुटला. शेवटी कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने नवे वायरिंग घातले आणि जुने, पॉट-कपॅसिटरसकट, टाकून दिले. त्या पॉटच्या पाठीवर कारखान्याचा क्रमांक आणि बनावटीचे वर्ष-आठवडा छापलेले होते. गिटारच्या वयाचा पोटातला पुरावा त्यासोबत गेला, आणि तो परत आणणे माझ्या हातात नव्हते.

खरखर आली तर मी आधी गिटार अँपपासून सोडवतो आणि तो नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्नास वेळा फिरवतो. बऱ्याचदा एवढ्यानेच भागते. नाही भागले तर एफ-होलमधून बारीक नळी नेऊन पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडतो आणि पुन्हा पन्नास वेळा फिरवतो. नॉब काढायचाच असेल तर मऊ सुती कापडाची पट्टी नॉबखालून गुंडाळून दोन्ही टोके सरळ वर ओढावीत. तो अलगद सुटून येतो. माळ बाहेर काढण्याची खरोखर वेळ आली, तर नट सोडण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर घट्ट बसेल अशी मऊ नळी चढवावी, तिचे दुसरे टोक बाहेर लांब ठेवावे, आणि कोणती नळी कोणत्या भोकाची हे कागदावर मांडून ठेवावे. परत बसवताना नळी ओढली की पॉट आपोआप आपल्या भोकाशी येतो. जॅक मी नेहमी शेवटी बसवतो, कारण तो आधी अडकवला की बाकीची माळ हलवायला ढील राहत नाही. या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि अर्धा दिवस नसेल तर ते त्या दिवशी काढू नये. व्हिडिओ पाहून वीस मिनिटांत होईल असे समजून बसणाऱ्यांच्याच गिटारा पुढे माझ्याकडे येतात.

गुणगुण ऐकू आली म्हणून लगेच पिकअप बदलायला निघू नये. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर अर्थिंगची जोडणी शाबूत आहे. काहीच फरक पडत नसेल तर आधी टेलपीसकडे जाणारी अर्थिंगची वायर तपासावी. गिब्सनच्याच ईएस-३४५ किंवा स्टिरिओ ईएस-३५५ ला साधी मोनो केबल लावून 'एक पिकअप मेला' असे म्हणणारेही भेटतात. दोन पिकअप दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात, त्यासाठी स्टिरिओ केबल लागते.

दुसरी मोठी चूक वय ठरवण्याची. एका खुणेवरून वर्ष सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या बोलण्यावर कोणीतरी आपली साठवण खर्च करते. साठच्या दशकात गिब्सनने हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाला खुंट्या असलेल्या भागाच्या) मागे ठोकलेले सीरियल नंबर पुन्हा पुन्हा वापरले; एकच नंबर वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारांवर सापडतो. म्हणून नंबर हा फक्त एक साक्षीदार आहे, आणि बाकीचे साक्षीदार त्याच्याशी जुळले पाहिजेत. सुरुवातीच्या ३३५ च्या फिंगरबोर्डवर ठिपके होते, ते १९६२ च्या सुमारास जाऊन छोटे चौकोन आले. बॉडीचे वरचे कान आधी गोलसर होते, पुढे ते टोकदार झाले. १९६५ च्या सुमारास स्टॉप टेलपीस जाऊन बॉडीच्या खालच्या टोकाला अडकवलेले, लटकते ट्रॅपीझ टेलपीस आले आणि नटाची (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिची) रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून जवळपास ४० वर आली. ही अरुंद नेक हातात घेतली की लगेच जाणवते. फोटोत ती दिसत नाही.

पिकअपच्या तळाच्या चिकटपट्टीवरूनही घोळ होतो. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी रचलेल्या हंबकरवर (गुणगुण दाबणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपवर) आधी 'पेटंट अप्लाइड फॉर' (पेटंटसाठी अर्ज केला आहे) असे लिहिलेले असे, आणि साधारण १९६२ पासून पेटंटचा क्रमांक छापलेली पट्टी आली. हा क्रमांक शोधून पाहिला तर तो पिकअपचा नसून गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा निघतो. यावरून पिकअप नकली ठरवून विकणारे लोक आहेत. प्रत्यक्षात तो क्रमांक कारखान्यातूनच तसा आला आहे. पॉटवरच्या आकड्यांत पहिले तीन कारखान्याचे असतात, १३४ म्हणजे सेंट्रालॅब आणि १३७ म्हणजे सीटीएस; पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याच्यापेक्षा जुनी असू शकत नाही, एवढेच त्यातून ठरते. पॉट तयार होऊन काही महिने पडून राहिला असेल, हेही लक्षात घ्यावे.

हेडस्टॉक मात्र डोळे फाडून पाहावे. मागे झुकलेली महोगनीची नेक आणि नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) नटासाठी कोरलेला खड्डा, यामुळे ही गिटार आडवी पडली तरी तिथे मोडते. चांगली दुरुस्ती वाजवण्यात आड येत नाही, पण ती लपवलेली नसावी. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळे चमकते आणि नंतर मारलेला रंग गडद डागासारखा वेगळा उठून दिसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ट्रस रॉडचा पितळी नट तारा सैल केल्यावर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा आणि रात्रभर थांबावे. रबरी आधाराच्या स्टँडवर ही गिटार ठेवू नये, लॅकर मऊ पडून चिकटते. थंडीत बाहेरून आणलेली गिटारची पेटी (केस) लगेच उघडू नये, एकदम उबेत आलेल्या लॅकरला बारीक भेगा पडतात. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बदलताना फ्रेटच्या टोकाशी असलेले बाइंडिंगचे, म्हणजे कडेच्या प्लास्टिक पट्टीचे, छोटे कोंब जातात, म्हणून झीज थोडी असेल तर फ्रेट समतल करून भागवावे. ट्रॅपीझच्या गिटारला स्टॉप टेलपीससाठी भोके पाडू नयेत. 'कस्टम मेड' असे कोरलेली पट्टी उचकटून खाली काय आहे ते पाहू नये. बिगस्बी (सूर हलवण्याचा दांडा असलेले टेलपीस) लावलेल्या गिटारींवर कारखाना त्या पट्टीखाली स्टडची भोके झाकत असे. ट्युनिंगच्या खुंट्यांची प्लास्टिकची टोके आकसून ठिसूळ झालेली असतील तर पक्कड लावू नये.

बदललेला प्रत्येक मूळ भाग मी मालकाला परत देतो, आणि तो घरी नेऊन हरवू नये म्हणून केसच्या खणातच ठेवतो. गेल्या महिन्यात गेलेल्या एका ३३५ च्या खणात तीन छोटी कागदी पाकिटे आहेत: एकात जुना नट, एकात तुटका कपॅसिटर आणि एकात काढलेले तीन फ्रेट, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि तो भाग का काढला याचे कारण.