रविवारची रानशाळा चालवायची तर

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, गावातल्या जाणत्यांनी मुलांना रानाचं ज्ञान द्यावं अशी शाळा काढायचं मनात असेल, तर फळा-बाकांच्या आधी जाणत्यांची यादी करा. कंद कुणाला कळतात, टोपल्या कोण विणतं, म्हशीचं दुखणं कोण ओळखतं. गावात विचारा, गवळी धनगरांच्या वाड्यावरही जाऊन विचारा. मुलांची रोजची शाळा बुडता कामा नये, म्हणून आम्ही रविवार धरला. एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीला, आधी सांगितलं की वर्गखोलीचंही जमतं.

वेळापत्रक हंगामाचं हवं. मृगाआधी बियाणं, पावसात रानभाज्या, सुगीला सुट्टी, दिवाळीनंतर कंद आणि बांबू. बांबू शिकवताना बेटातला यंदाचा कोंब तोडायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. तीन वर्षांपुढचाच घ्यायचा.

कंदांना घाई नको. कडू कंद ओळखता आला म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. पण त्याच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा गेला का ते शिकवणाऱ्या जाणत्या आज्जीनं चाखून सांगायचं, मगच खायचं. हे सगळं होईतो धडा पुरा झाला असं धरू नका. अळंबीची तर फक्त ओळख. मोठ्या माणसाशिवाय पोरांनी ती घरी न्यायचीच नाही.

शिकवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी रोख द्या, वर्ग सुटताच. लावणीच्या दिवसांत आज्जीचा रोजगार बुडवून नुसती शाल पांघरणं मला अन्यायाचं वाटतं. पैसे गावातूनच गोळा करा आणि हिशेब देवळात सर्वांसमोर वाचा.

झाडपाल्याचं औषध वहीत उतरवण्याआधी त्या घराची परवानगी घ्या. नको म्हणाले तर लिहू नका, मोबाईलवर चित्रणही नको. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आहे, तो मुलांनाही समजावून सांगा. ज्याला संमती आहे तेवढंच पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत जाऊ द्या. तिथलं दप्तर कन्नडमधून चालतं, म्हणून वनस्पतींची नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा.

याच तालुक्यातलं भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं काही तोडायचं-खणायचं नाही, आणि पोरांना आत न्यायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी खिशात हवी. खणण्याचे धडे मालकीच्या बांधावरच घ्या.