घरच्या अॅम्पला रबर लावताय? आधी स्क्रू ढिला करा

घरी अॅम्प (अॅम्प्लिफायर) बनवला, आवाज छान येतोय, पण रात्री सगळं शांत झालं की घूंऽऽ ऐकू येतं. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा, एकदा स्पीकरला कान लावा, एकदा डब्याला. स्पीकरमधून येत असेल तर घोळ वायरिंगचा किंवा ग्राउंडिंगचा, तिथे रबर काही करणार नाही. डब्यातून येत असेल तर ट्रान्सफॉर्मर, आपली लाईट 50 हर्ट्झची पण त्याचा लोखंडी गाभा (कोअर) थरथरतो 100 ने आणि तो पत्र्याला घट्ट आवळलेला असला की अख्खा पत्रा घुमतो.

मग काय, चासीच्या, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, भोकात ग्रोमेट (मधे भोक असलेली रबरी कडी) बसवा आणि त्यातून स्क्रू घ्या. इथेच माझं चुकलेलं, मी पाना लावून चांगला आवळला, रबर चपटं होऊन पापडासारखं झालं आणि घूं होती तशीच. अर्धा आटा सैल केला तर हाताखालचा पत्रा गप्प झाला! म्हणून ग्रोमेटच्या आत धातूची छोटी नळी टाका, उंचीला ग्रोमेटपेक्षा केसभर कमी, वर रुंद वॉशर, म्हणजे स्क्रू नळीवर आवळला जातो आणि रबर मोकळं राहतं.

रबर मऊच हवं, कडकपणाच्या शोअर ए मापावर 30-40 च्या आसपासचं. नुसत्या वजनाने ते अर्धा मिमी दबलं तर ट्रान्सफॉर्मरची रबरावर डोलायची स्वतःची गती साधारण 22 हर्ट्झला येते, रबराला थोडी जास्तच धरा, तरी 100 ची थरथर बरीच अडते. कडक रबर 0.05 मिमीच दबलं तर ती जाते 70 वर, तिथे फायदा जवळपास शून्य.

आणि हे विसरू नका प्लीज, रबर आलं की ट्रान्सफॉर्मरची बॉडी चासीपासून तुटते, तिला वेगळी हिरवी अर्थिंगची वायर द्याच. टोरॉइडल (मेदुवड्यासारखा गोल) असेल तर खाली-वर निओप्रीन रबराच्या चकत्या, बोल्ट बेताने, आणि त्याचं वरचं टोक धातूच्या झाकणाला अजिबात टेकू देऊ नका, बोल्ट, झाकण, चासी मिळून एक बंद (शॉर्ट) वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) प्रीअॅम्प, म्हणजे सिग्नल आधी वाढवणारा टप्पा, असेल तर चालू असताना ईसीसी83 या व्हॉल्व्हवर पेन्सिलीची मागची बाजू हळूच टेकवा, स्पीकरमधून टिंग आलं म्हणजे तो थरथर पकडतोय, मग त्याचं सॉकेट छोट्या पट्टीवर घेऊन पट्टी चार ग्रोमेटवर तरंगती ठेवा. वायरी बारीक, मल्टिस्ट्रँड, थोड्या ढिल्या. जाड सिंगल तार लावलीत तर थरथर तिच्यातूनच जाते, रबराची सगळी मेहनत वाया. व्हॉल्व्हजवळ सिलिकॉनचंच घ्या, साधं रबर उष्णतेने कडक होऊन तडकतं.

डब्याखालचे पाय शेवटी. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात असतो, म्हणून पाय त्या बाजूला सरकवा म्हणजे चारही सारखे दबतील. चिकटवायचे नकोत, उन्हाळ्यात गोंद सुटतो, स्क्रूनेच लावा, आणि पॉलिशच्या कपाटावर ठेवणार असाल तर खाली फेल्टचा तुकडा घाला, काळ्या रबराचे डाग निघता निघत नाहीत.