कॅनडात कायमचं जायचं की नाही? निर्णय कसा घ्यावा

गेल्या मे महिन्यात नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, पीआर आलं. गंगापूर रोडचा फ्लॅट विकून टाकू का?" पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना. आवाजात आनंद होता आणि धास्तीही. मी म्हटलं, फ्लॅटला आत्ता हात लावू नकोस. आधी एक वही घे आणि त्यात तीन पानं मोकळी सोड.

बारा वर्षांपूर्वी मी ओंटारिओत आलो तेव्हा हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. महिनाभरात सगळं आवरून निघालो आणि ती घाई पुढं बरीच वर्षं निस्तरत बसलो. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. उदाहरण कॅनडाचं आहे, कारण मला तेच जवळून ठाऊक आहे. देश दुसरा असेल तर नियम बदलतील, पण वहीतले प्रश्न बहुतेक तेच राहतील.

१. "कायमचं" या शब्दाची फोड करा

पहिल्या पानावर लिहा "जाणं", दुसऱ्यावर "राहणं", तिसऱ्यावर "नागरिकत्व". आपण या तिन्हींचं एकच गाठोडं करतो आणि मग त्याच्या ओझ्यानं झोप उडते. खरं तर हे तीन वेगळे निर्णय आहेत आणि तिघांच्या तारखाही वेगळ्या.

पीआर टिकवायला दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. ते सलग असायची गरज नाही. नागरिकत्वाचा अर्ज करायला आधीच्या पाच वर्षांतले १,०९५ दिवस लागतात. म्हणजे विमानात बसताना तुम्ही फक्त पहिल्या पानाचं उत्तर देत असता. बाकीची दोन पानं कोरी ठेवायची मुभा नियमांनीच दिली आहे. ती सोडू नका.

प्रत्येक पानावर वर तारीख टाका: या दिवशी पुन्हा बसून ठरवायचं. तारीख नसली की निर्णय आपोआप होतो, आणि आपोआप झालेल्या निर्णयाबद्दल घरात पुढं फार बोलणी होतात.

२. नवरा-बायकोनं कारण वेगवेगळं लिहावं

एकमेकांना न दाखवता, एका वाक्यात. भावानं लिहिलं, "मुलीचं शिक्षण." वहिनीनं लिहिलं, "याला इथल्या नोकरीचा वीट आलाय." दोघंही खरं बोलत होते. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा या विषयावर नीट बोलले.

कारण नोकरीचा वीट असेल तर आधी पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी बदलून पाहता येते. त्यासाठी देश सोडायची गरज नाही. कारण मुलांचं शिक्षण, मोकळी हवा, स्वतःच्या मनासारखं जगणं असं काही असेल तर पुढची पायरी घ्या.

३. दोघांचाही पेशा तिथं चालतो का, ते तपासा

माझी वहिनी दातांची डॉक्टर आहे. कॉलेज रोडला स्वतःचं क्लिनिक, अकरा वर्षांचे पेशंट. भारतातल्या बीडीएसवर कॅनडात लगेच दवाखाना टाकता येत नाही. तिथल्या राष्ट्रीय मंडळाच्या समकक्षतेच्या परीक्षा तरी द्याव्या लागतात, नाहीतर तिथल्या विद्यापीठात पुन्हा काही वर्षं शिकावं लागतं. दोन्हीला वेळ आणि भरपूर पैसा लागतो. डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक, आर्किटेक्ट यांनाही परवान्याशिवाय काम करता येत नाही, आणि तो परवाना त्या त्या प्रांताचा असतो. सॉफ्टवेअरवाल्यांना ही अडचण नाही. भाऊ सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून त्याच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता.

तेव्हा हिशेब दोन पगारांचा न करता पहिली तीन वर्षं एकाच पगाराची धरा. त्यात घरभाडं, गाडीचा विमा आणि पाळणाघर बसतं का ते बघा. बसत नसेल तर एकानं आधी जावं.

ज्यांचा पीआरचा अर्ज अजून व्हायचाय त्यांनी वयाकडे लक्ष द्यावं. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत, तिशीपासून वयाचे गुण घटत जातात आणि पंचेचाळीसला शून्य होतात. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही बंद झालेत. "ऑफर लेटर मिळवून देतो, गुण वाढतील" म्हणत कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

४. आई-वडिलांचं पान सगळ्यात आधी भरा

हे मी सगळ्यात शेवटी भरलं होतं.

बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा इथं रात्रीचे अडीच वाजले होते आणि नाशकात दुपारचे बारा. शेजारच्या काकूंनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, डिपॉझिटही त्यांनीच भरलं. मी घराच्या दारात पोचलो तेव्हा तीस तास उलटून गेले होते. आईच्या हातात औषधांची चिठ्ठी होती. ती मला सारखी दाखवत राहिली, जणू मी ती वाचली की सगळं ठीक होणार होतं.

म्हणून वहीत पहिला प्रश्न असा लिहा: अर्ध्या तासात घरी कोण पोचेल? नाव लिहा. त्या माणसाला जाऊन भेटा, स्पष्ट विचारा, किल्ली आणि थोडे पैसे त्याच्याकडे ठेवा. असं एकही नाव सुचत नसेल तर जाण्याची तारीख पुढं ढकला.

"त्यांना नंतर तिकडंच नेऊ" हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं. आई-वडिलांना पीआर मिळवून देणाऱ्या योजनेत २०२० नंतर नवी नावंच नोंदवून घेतली गेली नाहीत. २०२४ आणि २०२५ मधली बोलावणीसुद्धा २०२० च्याच यादीतून गेली. त्यामुळं व्यवहारात सुपर व्हिसाच उरतो, म्हणजे आई-वडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र तुमचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर लागतं आणि त्यांच्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो. रक्तदाब, मधुमेह असेल तर त्याचा हप्ता आधी विचारून घ्या.

आणि त्यांनाही विचारा. माझ्या आईला सहा महिन्यांत कंटाळा आला. तिला कट्टा हवा होता, भाजीवाल्याशी घासाघीस हवी होती, आणि इथल्या जानेवारीत ती खिडकीपाशी बसून राहायची.

५. मुलांचं वय मोजा

मोठी माणसं कितीही वर्षांनी परत येऊ शकतात, मुलांचं तसं नसतं. पाच वर्षांचं मूल दोन्हीकडे रुजतं. तेराव्या वर्षी नेलेलं मूल सुरुवातीला हिरमुसतं आणि तेराव्या वर्षी परत आणलेलं त्याहून जास्त. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. परतायचा विचार जिवंत असेल तर मराठी लिहिण्यावाचण्याचा सराव पहिल्या दिवसापासून ठेवा. महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा त्यासाठी फार उपयोगी पडतात.

आमचा स्वतःचा नियम असा की मोठी सहावीत जायच्या आत "राहणं" या पानाचं उत्तर द्यायचं. तुमचं वर्ष वेगळं असू शकतं, पण ते लिहून ठेवा.

६. पैसा, फ्लॅट आणि सातबारा

फ्लॅट विकू नका, निदान पहिली दोन वर्षं. भाड्यानं द्या. पण निघण्याआधी एवढं करून घ्या:

- मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या. कॅनडाचे रहिवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव तिथल्या कर खात्यासाठी तुमची खरेदी किंमत म्हणून धरला जातो. पुढं विकताना त्याच्या वरच्याच नफ्यावर तिथं कर बसतो. हा कागद नसेल तर दहा वर्षांनी तो भाव सिद्ध करणं अवघड जातं.
- बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदत वाढवता येत नाही.
- वारस नोंद, फेरफार राहिला असेल तर तलाठ्याकडे आत्ताच खेपा घाला. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते आणि वारशानं येणारीही मिळते. पण सातबाऱ्यावर नाव चढवायचं काम टोरंटोत बसून करून बघा, मग कळतं. विश्वासाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधी भारतातच नोंदणी करून ठेवा.

कॅनडा आपल्या रहिवाशांच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर लावतो. म्हणजे नाशिकच्या फ्लॅटचं भाडं तिथल्या विवरणपत्रातही दाखवायचं. दोन्ही देशांत करार असल्यानं भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. भाड्याचा फ्लॅट, ठेवी, शेअर मिळून भारतातल्या गुंतवणुकीची मूळ किंमत (आधीपासूनच्या गुंतवणुकीसाठी वर सांगितलेला रहिवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव) एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वेगळा फॉर्म भरावा लागतो. दोन्हीकडचं समजणारा सीए शोधा, त्याच्या फीमध्ये काटकसर करू नका.

७. फेब्रुवारीत जाऊन राहा

जुलैत कुणालाही टोरंटो आवडतं. फेब्रुवारीत जा. हॉटेलात राहू नका, पाहुणचार करणाऱ्या नातेवाइकाकडेही नको. एक खोली भाड्यानं घ्या, बसनं फिरा, स्वतः किराणा आणा, फुटपाथवरचा बर्फ फावड्यानं काढून बघा. डिसेंबरात तिथं पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. काहींच्या मनावर तो अंधार खरंच बसतो. आपण त्यातले आहोत का, हे आधी कळलेलं बरं. दवाखान्याची चौकशीही तेव्हाच करा: सरकारी विम्यात डॉक्टर आणि रुग्णालय येतं, पण मोठ्यांचे दात, चष्मा आणि बहुतेक औषधं बऱ्याच जणांना नोकरीच्या विम्यातून किंवा खिशातून भागवावी लागतात.

भाऊ याच फेब्रुवारीत एकटा आला. मुलगी आणि वहिनी नाशकातच आहेत, क्लिनिक चालू आहे. वहिनी पहिली परीक्षा तिथूनच अभ्यास करून देणार आहे.

८. तिसरं पान उघडताना

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डानं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डानं, आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता येतं, पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्या मुलांना वैद्यकीय प्रवेशासाठी एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा (सुपरन्युमररी) जागांचाच मार्ग राहिला आहे. मुलीला पुढं ससूनला शिकायला पाठवायचं स्वप्न असेल तर तिच्या नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

उलट बाजूही खरी आहे. नागरिक झालात की ७३० दिवसांची मोजणी संपते आणि आई-वडिलांपाशी दोन-तीन वर्षं येऊन राहिलात तरी तिकडचा हक्क जात नाही. मी याच कारणासाठी घेतलं. पासपोर्ट जमा केल्यावर तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, सोबत समर्पणाचा दाखला असतो. दोन्ही एकाच फाइलमध्ये जपून ठेवा, ओसीआयच्या अर्जाला त्यांच्या प्रती लागतात.