रेषीय समीकरणाचं रूप बदलताना या चुका टाळा

सांगलीत दहावी-अकरावीच्या मुलांना गणित शिकवताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. समीकरण सोडवता येतं, पण त्याचं रूप बदलताना गुण जातात. आणि सगळ्यात जास्त घात होतो तो क्रेमरच्या पद्धतीत, म्हणजे दोन समीकरणं निश्चयकांनी (चौकोनात मांडलेल्या सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीनं) सोडवताना.

या पद्धतीला दोन्ही समीकरणांत स्थिरपद, म्हणजे क्ष-य नसलेली नुसती संख्या, उजवीकडे एकटं हवं असतं. पण सामान्य रूपात उजवीकडे शून्य असतो, आणि उतावळी पोरं समीकरण दिसलं की लगेच निश्चयक मांडतात. तासगावहून एसटीनं येणारा एक हुशार मुलगा होता. सराव परीक्षेत त्याला ही जोडी आली:

२क्ष + ३य = १३
क्ष − य + १ = ०

त्यानं दुसऱ्यातला १ जसाच्या तसा उचलला. उत्तर आलं क्ष = १६/५, य = ११/५. ताळा पहिल्या समीकरणात केला: ३२/५ + ३३/५ = १३. तंतोतंत जुळलं! पेपर हातात पडल्यावर तो तडक माझ्याकडे आला, "सर, ताळा जुळतोय, मग गुण का कापले?" मी म्हटलं, आता दुसऱ्यात घाल. तिथं शून्याऐवजी २ आले. त्यानं नकळत क्ष − य = १ हे वेगळंच समीकरण सोडवलं होतं; हवं होतं क्ष − य = −१. खरं उत्तर क्ष = २, य = ३. म्हणून ताळा दोन्ही समीकरणांत करायचा, एकात केलेला धरायचाच नाही.

दोन्ही स्थिरपदं डावीकडेच ठेवून उचलली तर उत्तर क्ष = −२ आणि य = −३ येतं. मग उदाहरण वयाचं असेल तर काही जण 'वय ऋण कसं असेल' म्हणून उणे चिन्ह खोडतात. हे मला अजिबात चालत नाही. माझ्या वर्गात जोडी आधी नव्यानं लिहायची, क्षखाली क्ष, यखाली य, आणि भोवती चौकट काढायची. चौकटीशिवाय निश्चयकाला हात लावू देत नाही.

दुसरा घोळ 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' या पाठ केलेल्या वाक्याचा. ३क्ष − २य = १२ वरून −२य = −३क्ष + १२ इथपर्यंत सगळे येतात. पुढे −२ पलीकडे जाताना त्याचंही चिन्ह बदलून खाली २ लिहितात, आणि चढ (रेषेचा तिरपेपणा, 'य =' रूपातला क्षचा सहगुणक) −३/२ येतो. अरे, तो गुणाकारात आहे! दोन्ही बाजूंना −२ नं भागा: य = (३/२)क्ष − ६. मी 'पलीकडे' हा शब्दच वापरू देत नाही. रूप बदललं की क्ष = ० आणि क्ष = ४ घालून बघायचं; जुन्या आणि नव्या, दोन्ही रूपांत य अनुक्रमे −६ आणि ० यायला हवा.

४य = ८क्ष + ५ ला भागताना ५ विसरू नका; य = २क्ष + ५/४.

क्ष/२ + य/३ = ४ ला ६ नं गुणलं की उजवीकडे २४ होतात.

३क्ष + ४य = २४ ही रेषा अक्षांना ३ आणि ४ वर छेदत नाही. आधी उजवीकडे १ करा: क्ष/८ + य/६ = १. म्हणजे ८ आणि ६. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेला हे रूपच नाही.

आणि क्ष = ५ चं 'य बरोबर' रूप शोधत बसू नका. ती रेषा उभी आहे, तिचा चढ ठरवता येत नाही.