लाइपझिगच्या चर्चमध्ये पहिल्यांदा उपासनेला जाताना

भारतातून इथे जर्मनीत पाहुणे आले की रविवारी सकाळी मी त्यांना आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये नेते. "आपण ख्रिस्ती नाही, चालेल का?" हा पहिला प्रश्न ठरलेला. चालतं. दारात कोणी काही विचारत नाही, आणि नुसतं ऐकत बसलं तरी कोणाला खटकत नाही.

इथे आलेल्यांना थोमास चर्चची ओढ असते, ते साहजिकच आहे. १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, थोर संगीतकार बाख तिथे संगीताचं काम बघत होता; त्याची समाधीही तिथेच आहे. पण तिथे पर्यटकांची गर्दी असते. गाणं ऐकायला शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दुपारी तिथे जरूर जा. उपासना अनुभवायची असेल तर मात्र वस्तीतलं साधं चर्च निवडा.

उपासना दहाची असेल तर पावणेदहाला पोचा. चपला-बूट काढायचे नसतात, पुरुषांनी टोपी काढायची. हिवाळ्यात दगडी भिंती गार पडतात, तेव्हा कोट अंगावरच राहू द्या. दाराशी कपाटात गीतांची जाड पुस्तकं असतात, त्यातलं एक घ्या आणि मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा. पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. शुभवर्तमानाचं (येशूच्या चरित्राचं) वाचन, विश्वासांगीकार (आपला विश्वास सगळ्यांनी मिळून म्हणून दाखवणं), प्रभूची प्रार्थना आणि शेवटचा आशीर्वाद उभ्याने होतो. गीतं मात्र बरीचशी बसूनच गातात.

आता भिंतीवरच्या काळ्या फळीकडे बघा. तिच्यावर खाचांमध्ये सरकवलेले पांढरे आकडे असतात: ३६२, आणि पुढे १-४. म्हणजे ३६२ क्रमांकाचं गीत, पहिली चार कडवी. (हे ल्यूथरचं स्वतःचं आहे, ३१ ऑक्टोबरला, हा पंथ ज्या धर्मसुधारणेतून निघाला तिच्या स्मरणदिनी, हमखास गातात.) ही फळी कळली की निम्मी उपासना कळली. जर्मन येत नसलं तरी गा, असं मी आग्रहाने सांगते. ऑर्गन आधी चाल वाजवून दाखवतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ती तोंडात बसते. लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने गावं ही ल्यूथरची तळमळ होती. १५२६ मध्ये त्याने जर्मन उपासनेचा क्रम छापला तो त्यासाठीच. तुम्ही गप्प बसलात तर नेमकं तेच हुकतं.

प्रवचन पंधरा-वीस मिनिटांचं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) काळ्या झग्यात, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. बऱ्याच ठिकाणी पाळक बाईच असतात. मधे दानाची पिशवी फिरते. एक-दोन युरो टाका, नसतील तर पुढे सरकवा.

प्रभुभोजनाच्या वेळी लोक वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहतात. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरीची पातळ पांढरी चकती आणि द्राक्षारसाचा प्याला देतात. हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. प्रसाद समजून पुढे होऊ नका. त्यांच्यासाठी ती फार जवळची, गंभीर गोष्ट आहे. मी इतकी वर्षं जाते, पण त्या वेळी जागेवरच बसते, आणि मला त्यात कधी परकं वाटलेलं नाही. आमच्याकडे छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं तर पाळक नुसता आशीर्वाद देतात.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली की वर मनोऱ्यात एक घंटा वाजू लागते. आत बसलेल्यांना तिची गरज नसते. जे येऊ शकले नाहीत त्यांना कळावं, म्हणून ती वाजते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. घंटा ऐकू येताच त्यांनी मला खिडकी उघडायला सांगितलं, चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडून ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणायला लागल्या. घंटा थांबली तेव्हा त्यांचं आमेन झालेलं होतं.

आशीर्वादानंतर ऑर्गन पुन्हा वाजतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, संपलं, आणि मी उठले. शेजारच्या बाईंनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. तो शेवटचा सूर विरेपर्यंत बसून राहा.